आल्टोंची चूक

ओळीच्या मध्यावर मेता ओयडरमाचा आवाज थांबला. पेन्सिलीने ती टेबलावर ठेका धरत होती, तोही थांबला.

समोरच्या टेबलावरून अर्नोल्ड ताल्विकने मान वर केली.

"काय झालं, ओयडरमाबाई? छान चाललं होतं की."

"घशात काहीतरी अडकलं."

"पाणी प्या मग." तो तिच्याकडे बघतच राहिला. "काय होतं ते? कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं."

"नवीन आहे. दलदल उपसून शेत केलं, त्याचं गाणं."

"दलदलीची गाणी सगळी एकाच गाईची वासरं," असं म्हणून ताल्विकने पुन्हा कागदात डोकं घातलं.

मेता पाणी प्यायली. पेला खाली ठेवून तिने पेन्सिल पुन्हा उचलली.

एस्टोनियात, ताल्लिनमधल्या त्या सरकारी कचेरीत तिचं काम ठरलेलं होतं. उन्हाळ्यातल्या गानोत्सवासाठी गावोगावहून नवी समूहगीतं येत. प्रत्येक गाण्याची चिरफाड करून तिने एक पानभर टिपण लिहायचं. आधी ताल बघायचा, मग चारही आवाजांच्या चाली एकेक करून गायच्या, ते आवाज एकमेकांत कसे बसतात ते तपासायचं, कुठे हळू, कुठे मोठ्याने, गाण्याची बांधणी कशी आहे आणि शेवटी, खेड्यातल्या मंडळींना हे जमेल का. शब्द बघायला दुसरी माणसं होती. पियानो साहेबांच्या खोलीत होता आणि साहेब झोपत असोत वा जागे असोत, तो बंदच असे. म्हणून मेता गुणगुणून काम करी. लांब स्वरांची ओळ असली, की ती आधी भरभर म्हणून बघे. चाल एकदा कानात बसली, की लांबवणं सोपं जाई.

या गाण्यात वरचे आवाज भराभर धावत होते. फावडी, चर, पाणी, राय धान्याचं पहिलं पीक. त्यांच्या खाली आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, शब्दांशिवाय नुसता आऽ करत होता. एकेक स्वर चार-चार मात्रांचा. कागदावर ती ओळ खांबांसारखी दिसत होती. एकच गोष्ट मेताला खटकली होती. जिथे बाकी सगळ्यांनी हळू आवाजात गायचं होतं, तिथे आल्टोंना मोठ्याने गायला सांगितलं होतं. असं का, हे कळावं म्हणून तिने ती ओळ चौपट वेगाने म्हटली. तीन स्वर सपाट, एक पायरी खाली आणि मग एकदम वर मोठी उडी. त्या उडीवर तिला चाल ओळखू आली.

ते प्रेतयात्रेचं जुनं प्रार्थनागीत होतं. युद्धानंतर एका मार्च महिन्यात हद्दपार केलेल्या माणसांनी भरलेले मालडबे स्टेशनातून पूर्वेकडे निघाले, तेव्हा फलाटावरच्या लोकांनी ते बंद दारांसमोर म्हटलं होतं. मेता त्या गर्दीत होती. डब्यात तिची थोरली बहीण आस्ता होती. आस्ता परत आली नाही. त्या गीतावर लेखी बंदी कधीच आली नाही. एका गावी चर्चमधल्या वादकाने ते वाजवलं आणि पुढच्या रविवारी ऑर्गनसमोरची जागा रिकामी दिसली. तेवढं पुरलं. आता ते कुणी घरातही म्हणत नसे.

आणि ते तिने कचेरीत, भरदिवसा, ताल्विकच्या समोर म्हटलं होतं.

ताल्विक वर खबरा पोचवतो, असं कचेरीत सगळे बोलत, तेही तो खोलीत नसताना. मेताने दिवसभर त्याच्याकडे पाहिलं नाही. तो दोनदा बाहेर गेला. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ लागला. परतल्यावर त्याने कोट खुंटीला अडकवला आणि शीळ घालायला सुरुवात केली. मेताचे कान ताठ झाले. ते नाचाचं गाणं होतं.

त्या रात्री ती कपडे न बदलता पलंगावर बसून राहिली. जिन्यात पावलं वाजली, की श्वास धरायचा. पावलं वरच्या मजल्यावर गेली, की सोडायचा. लिहावं, तर गाणं करणारा जाईल. लिहू नये, तर टिपणाखाली सही तिची. उद्या कुणाच्या कानाने तेच पकडलं, तर पहिला प्रश्न हाच येणार, की तुम्हाला कसं नाही कळलं? आणि दुसरा प्रश्न आस्ताबद्दल असणार.

सकाळपर्यंत तिला एक वाट दिसली. ती उडी काढायची. उडीच्या जागी स्वर सपाट ठेवला, तर चाल मोडते. मोडलेली चाल कुणाची नसते.

गाणं करणारा वाइनो साराप हा पोल्त्समाकडचा शाळामास्तर. बोलावणं गेल्यावर तो बसने आला. अजून तिशीही न गाठलेला, बुटांना चिखल, हातात फडक्यात बांधलेलं घरचं चीज.

"आईने दिलंय," तो म्हणाला. "म्हणाली, शहरातल्या बाया नुसत्या कागद खातात."

मेताने त्याला अंगणात कोळशाच्या खोपीपाशी नेलं. तिथे फक्त एक मांजर होतं.

"मास्तर, आल्टोंची ती उडी फार मोठी आहे. गावातल्या बायकांना झेपायची नाही."

"काय सांगता, बाई! माझी आई सत्तरीला टेकली, ती मारते की. धार काढता काढता मारते."

"आईची ओळ आहे?"

"आईचीच. गोठ्यात गुणगुणते. शब्दबिब्द काही नाहीत. कसलं गाणं म्हणून विचारलं, तर म्हणते, गाईला आवडतं." तो हसला. "मी म्हटलं, गाईला आवडतं, तर कमिटीलाही आवडेल."

मेता हसली नाही. "डबे गेले, त्या मार्चमध्ये कुठे होतात तुम्ही?"

त्याचं हसू गेलं. "मी? फौजेत. पार उत्तरेला, मुर्मान्स्कला. का?"

"असंच. आणि आल्टोंना तिथे मोठ्याने का गायला लावलंय?"

"नाहीतर ऐकू कसं येणार? बाकीच्यांना हळू सांगितलं, तरी केवढा गोंगाट करतात." मग तो तिच्या चेहऱ्याकडे नीट बघायला लागला. "बाई, तुम्हाला माहितेय का ही चाल?"

मांजराने खोपीवरून उडी मारली. मेता दचकली.

"नाही," ती म्हणाली. "मी कधी ऐकली नाही."

त्याला खरंच ठाऊक नव्हतं, की तिच्यासारखाच तोही जपून बोलत होता, ते तिला कळलं नाही. विचारलं असतं, तर तिला ठाऊक आहे हे त्याला कळलं असतं. पुढे कुणी त्याला चौकशीसाठी दिव्याखाली बसवलं असतं, तर त्याने ते सांगितलं असतं. कुणीही सांगितलं असतं.

"स्वर बदला, मास्तर. एकच. नाहीतर गाणं इथेच राहील."

तो बराच वेळ बुटाचा चिखल दगडावर घासत राहिला. शेवटी भिंतीवर कागद टेकवून त्याने स्वर खोडला आणि सपाट लिहिला.

"आई म्हणणार, माझी गाय आटवलीस," एवढंच तो म्हणाला.

मेताने टिपणात लिहिलं, आल्टोंची ओळ सोपी, संथ, खेड्यातल्या मंडळींना जमण्याजोगी. खाली सही केली. गाणं मंजूर झालं, छापलं, गावोगाव गेलं. हिवाळा गेला. जिन्यातल्या पावलांना ती हळूहळू थोडी सरावली.

वसंतात पाच गावांच्या मंडळींची एकत्र तालीम ठेवली. नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत सांस्कृतिक खात्याचे कॉम्रेड पाउल्सन बसले. माणूस एस्टोनियन, पण जन्म आणि शिक्षण लेनिनग्राडचं. इकडे येऊन त्यांना थोडीच वर्षं झाली होती. त्यांच्या एका बाजूला ताल्विक आणि त्याच्या पलीकडे, अडचणी टिपून घ्यायला, मेता.

दलदलीचं गाणं सुरू झालं. फावडी चालली, चर खणले गेले. आल्टो खालून आऽ करत आल्या. तीन लांब स्वर सपाट, एक पायरी खाली आणि मग सगळ्याच्या सगळ्या वर उडाल्या.

तरुण वृंदसंचालकाने हात खाली आणले. "आल्टो! वर कुठे चाललात? सपाट आहे, सपाट. कागद बघा."

पुन्हा सुरू झालं. पुन्हा उडी.

"अहो मावश्यांनो, झोपलात का?"

"चुकलं बघा," पुढच्या रांगेतली एक धिप्पाड टपालवाली म्हणाली. "तोंडच मेलं तिकडे जातं."

सोप्रानोतल्या, म्हणजे वरच्या आवाजातल्या पोरी खिदळल्या. आल्टोंमध्ये कुणी हसलं नाही. त्यात गवळणी होत्या, शिक्षिका होत्या, दुकानांत काम करणाऱ्या होत्या. बहुतेक चाळिशीपुढच्या. गावं पाच, पण चूक सगळ्यांची एकच आणि एकाच जागी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकीची नजर आपापल्या कागदावर खिळली होती. चाल मेताने मोडली होती आणि त्या मोडल्या जागेवरच आता सगळं सभागृह थांबलं होतं.

तिसऱ्यांदाही तेच झालं.

पाउल्सन वळले. "हे काय चाललंय? यांना वाचता येत नाही?"

"वाचता येतं, कॉम्रेड," ताल्विक म्हणाला.

"मग? सगळ्या मिळून एकच चूक कशी काय करतात?"

ताल्विकने चष्मा काढून रुमालाने पुसला. "टिपण ओयडरमाबाईंचं आहे. त्यांनाच विचारा."

मेता उभी राहिली.

"कॉम्रेड, त्या जागी सोप्रानो वर चढतात. खालचा आवाज त्यांच्यामागे ओढला जातो. सपाट राहणं कानाला जड जातं."

"म्हणजे चूक बायकांची नाही? लिहिणाऱ्याची?"

"स्वराची, कॉम्रेड."

"तुम्ही तर सोपी ओळ म्हणून सही केलीत."

"हो."

पाउल्सननी घड्याळ पाहिलं. अजून अकरा गाणी व्हायची होती. "मग एवढा घोळ कशाला? जनतेच्या गळ्याला जे सोपं जातं, ते लिहा. जातायत वर तर जाऊ द्या. आत्ताच बदला आणि सही करा. पुन्हा कुणी विचारायला नको."

मेताने ताल्विककडे पाहिलं. तो रुमालाची घडी घालत होता. एका कोपऱ्याला दुसरा कोपरा जुळवण्यात त्याचं सगळं लक्ष होतं.

ती रंगमंचाच्या पायऱ्या चढली. संचालकाच्या प्रतीवर सपाट स्वर खोडून वरच्या जागी तिने नवा काढला. पहिल्यांदा तो ओळीवरून घसरला, म्हणून पुन्हा काढला. शेजारी नाव लिहिलं. संपूर्ण, वाचता येईल असं.

"आल्टो, वरचा घ्या," संचालक म्हणाला. "झालं ना आता तुमच्या मनासारखं?"

आल्टोंनी कागद वर धरले. मेता उतरायला वळली, तेवढ्यात त्याचे हात वर गेले आणि गाणं सुरू झालं. पायऱ्यांपर्यंत जायचं, तर सगळ्यांच्या पुढून जावं लागलं असतं. ती आल्टोंच्या रांगेच्या टोकाशी थांबली. टपालवालीने तिच्याकडे न बघता थोडं सरकून जागा केली.

वर फावडी चालत होती. खाली तीन स्वर सपाट गेले, एक पायरी उतरली आणि पाच गावच्या बायका वर गेल्या. आता मोठ्याने. पाउल्सन पुढच्या गाण्याचा कागद शोधत होते. ताल्विकची मान खाली होती.

शेवटचा स्वर फार लांब होता. एका दमात कुणालाच पुरला नसता. म्हणून बायका आळीपाळीने श्वास घेत होत्या. एकीचा संपला, की ती थांबे आणि बाकीच्या तो धरून ठेवत. ऐकणाऱ्याला खंड कुठेच कळत नव्हता. मेता त्यांचे खांदे वर-खाली होताना बघत होती.

टपालवाली श्वासासाठी थांबली. तेवढ्यापुरती तिची जागा मेताने आपल्या आवाजाने भरली.