जिन्यातली रेंज

आमच्या विश्रांतवाडीच्या घरात फोनला रेंज नव्हती. घर तळमजल्यावर, पुढे एक इमारत, मागे एक इमारत, आणि मध्ये दाबून बसवलेले आम्ही. विमानतळ जवळ आहे म्हणून इथे उंच टॉवर उभारू देत नाहीत, असं दूधवाल्यापासून सगळे सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. एवढं मात्र खरं, की हातातला फोन घड्याळ बघण्यापलीकडे कशाच्या कामाचा नव्हता.

माझा मुलगा अभिनव हिंजवडीला कंपनीत आहे. अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर इथे बसून दुरुस्त करतो म्हणे. अशा माणसाच्या घरात आईला फोन लागू नये, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. त्याने कार्डाची कंपनी बदलून पाहिली. बॅटरीच्या मागे चिकटवायचं एक सोनेरी स्टिकर आणलं, त्याने फोनची शोभा वाढली. मित्राने सांगितलं म्हणून फोन स्टीलच्या ताटात ठेवून ताट फ्रिजवर ठेवलं. मी म्हटलं, आता हळद-कुंकू वाहा, म्हणजे प्रसन्न होईल.

शेवटी रेंज मलाच सापडली. आमच्याकडून पहिल्या मजल्यावर जाताना जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे. तिच्या गजांना डावा खांदा टेकवून उभं राहिलं की फोनवरच्या काड्या भरायच्या. जरा इकडे-तिकडे झालं की संपलं. रोज संध्याकाळी पोळ्या झाल्या की मी तिथे जाऊन उभी राहायची आणि परतवाड्याला फोन लावायची.

वळणासमोर दत्तोबांचं दार. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत पुरवायचे, तोही दार उघडं ठेवून. मी बोलायला लागले की आतून आवाज यायचा, “वहिनी, तो फोन खाली ठेवलात तरी चालेल. परतवाड्याला तसंही ऐकू जातंय.”

परतवाड्याला माझे यजमान, रंगराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि कॅनॉल सुटला तसे घरालाच धरून बसले. नात सोनू झाली तेव्हा मी सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला आले. सोनू आता “मला नाही जेवायचं, तूच जेव” असं अख्खं वाक्य बोलते. मी अजून इथेच. ते एकदा येऊन राहिले होते. आठवडा झाला नाही तोच म्हणाले, “सकाळी उठून पाहायचं काय इथं? शेजाऱ्याचे टॉवेल?” आणि गेले. तिकडे डबा लावला. डब्याच्या भाजीला चव नाही, हे मला रोज ऐकवायचे आणि वर म्हणायचे, “मी मजेत हावो.”

सून वाईट असती तर मी केव्हाच बॅग भरली असती. उत्कर्षा चांगली आहे, हीच अडचण. तिचं ऑफिस येरवड्याला, पण मला आवडते म्हणून वाकडी वाट करून मंडईतून अंबाडी शोधून आणायची, आणि स्वतः तिला अंबाडीचा वासही सहन होत नाही. ऑफिसात तिला नुकतीच वरची जागा मिळाली होती. मी घरी आहे, या एका गोष्टीवर तिचं सगळं उभं होतं. अशा पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाई, मला माझ्या घरी जायचंय?

आणि नेमकं तेच रंगराव रोज विचारायचे. पावसापाण्याचं, गुडघ्यांचं, सोनूचं बोलून झालं की शेवटी हमखास, “कदी येतं वं तू?”

पहिल्यांदा खरंच विमान आलं होतं. लोहगावची ती लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की खिडकीची तावदानंसुद्धा थरथरतात. मी ओरडले, “अजी, आयकू येत नाही! रेंज गेली!” आणि फोन ठेवला. विमान गेलं, आणि त्याच्याबरोबर तो प्रश्नही गेला. मला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी दत्तोबांच्या टोमण्यालाही मी हसले. दुसऱ्या दिवशी विमान आलं नाही. मी तरीही रेंज गेली म्हटलं. मग ते रोजचंच झालं. त्यांनी विचारायचं, “कदी येतं?” आणि मी म्हणायचं, “हॅलो, हॅलो?”

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, म्हणून मी घरातही रेंजच्या नावाने बोटं मोडायला लागले. जेवताना म्हणायची, “आजही तुझ्या बाबांशी धड बोलणं झालं नाही.” अभिनवचा चेहरा पडायचा. पडू दे, म्हटलं. स्टिकर आणणाऱ्याच्या हातून काही होत नाही.

इथेच माझं चुकलं. एके दिवशी तो ऑफिसातून आला तोच म्हणाला, “आई, बाबांनी आज मला फोन केला. म्हणाले, तुझ्या आईच्या रेंजचं कायमचं काहीतरी कर. मला फार वाईट वाटलं गं.”

मला यजमानांचा असा राग आला! उभ्या जन्मात मुलाला स्वतःहून फोन न करणारा माणूस, आणि केला तो याच्यासाठी.

रविवारी अभिनव बुधवार पेठेतून एक खोकं घेऊन आला. टेबलावर ठेवायचा फोन, दिसायला घरच्या जुन्या फोनसारखा, पण आत मोबाइलचं कार्ड. मागून एक लांब वायर निघालेली आणि वायरीच्या टोकाला अँटेना. ती गच्चीवर बांधायची. गच्चीची किल्ली दत्तोबांकडे. त्यांनी किल्ली देताना मला विचारलं, “म्हणजे उद्यापासून आम्हाला परतवाड्याच्या बातम्या नाहीत? पेपर अगदीच कोरडा जाईल हो.”

दुपारभर अभिनव गच्चीवर अँटेना फिरवत होता आणि उत्कर्षा खालून खिडकीतून ओरडत होती, “थोडी लेफ्ट! अजून! बास, बास, फुल आहे!” सोनू टाळ्या वाजवत होती. मी कणीक मळत होते आणि मनात म्हणत होते, वीज जाऊ दे. पण नको तेव्हा जाणारी वीज त्या दिवशी गेली नाही.

“आई, पहिला फोन तू कर,” अभिनव म्हणाला. त्यानेच नंबर दाबला. मी रिसीव्हर उचलणार, तेवढ्यात त्याने एक बटण दाबलं. “थांब, गंमत बघ. याला स्पीकर आहे. आता सगळ्यांना ऐकू येईल.”

पलीकडे घंटी वाजली, आणि आमच्या पुण्यातल्या हॉलमध्ये परतवाड्याची खोलीच येऊन बसली. त्यांच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. त्यांचं खाकरणं ऐकू आलं.

“हॅलो.”

“बाबा, आवाज कसा येतोय?” अभिनवने विचारलं.

“येकदम साफ येऊन रायला. आई हाय का तिथं?”

“हाय,” मी म्हटलं.

एरवी पावसापाण्यापासून सुरू होणारा माणूस. त्या दिवशी पाऊस नाही, गुडघे नाहीत. सरळ म्हणाले, “कदी येतं वं तू?”

मी सवयीने तोंड उघडलं. “हॅलो? अजी, आवाज—”

“आई, अगं स्वच्छ येतोय आवाज,” अभिनव म्हणाला. फोनवरच्या सगळ्या काड्या हिरव्यागार पेटलेल्या. उत्कर्षा माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात अँटेनाचं रिकामं खोकं होतं. बाहेर विमानही नव्हतं. नेहमी कानठळ्या बसवतात मेली, आणि पाहिजे तेव्हा एक नाही.

माझ्या पोटातून रडू आलं. म्हटलं, “मले यायचं हाय.”

उत्कर्षाने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग अभिनव म्हणाला, “म्हणजे? कधीपासून?”

उत्तर फोनमधून आलं. “सोनू चालाले लागली तवापासून. रोज विचारतो मी. आन् रोज तिची रेंज जाते.” मग म्हणाले, “कौशल्या, रेंज गेली म्हणून तू वरडायची, तवा तुह्या त्या दत्तोबाचे टोमणे मले साफ आयकू यायचे. शेवटलोक, फोन बंद होयेपर्यंत.”

“तुम्हाले मालूम होतं?”

“हाव.”

“मंग बोलले काहून नाही?”

“तुले सांगता येत नव्हतं, ते समजत होतं मले. म्हणून तर पोराले म्हटलं, आदी रेंज नीट कर.”

मला हसावं की फोन आपटावा कळेना. उत्कर्षा उठली आणि आत गेली. भांडी जरा जोरातच वाजली. मी मागोमाग गेले, तर ओट्याला टेकून उभी होती, डोळे लाल.

“आई, मला का नाही सांगितलंत? मी काय तुम्हाला डांबून ठेवलंय का?”

“सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस.”

“सोडली असती किंवा नसती सोडली. ते मी ठरवलं असतं ना! तुम्ही परस्पर माझ्या वतीने ठरवून टाकलंत, आणि रोज जिन्यात उभं राहून बाबांशी खोटं बोललात. कमाल आहे तुमची.” मग नाक पुसून म्हणाली, “आणि मी तिकडे मंडईत अंबाडी शोधत फिरतेय.”

ती रागावली याचं मला बरंच वाटलं. कोणीतरी रागवायलाच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने आळंदी रस्त्यावर नंदाताईंचं पाळणाघर शोधलं. सोनू आधी रडली, मग नंदाताईंच्या मांजरावर तिचा जीव जडला. अभिनव सोमवारचा घरून काम करायला लागला. जे घर माझ्यावाचून अडेल असं मला वाटत होतं, ते माझ्याशिवाय बऱ्यापैकी चालायला लागलं. त्याचंही थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दसऱ्याआधी मी निघाले. दत्तोबा रिक्षापर्यंत बॅग घेऊन आले आणि म्हणाले, “आता जिन्यात शांतता. सवय करावी लागेल.”

प्रवासात रेंजचा खेळ चालूच होता. नगर सुटलं की गेली, जालन्याला आली, मेहकरच्या पुढे पुन्हा गेली. जिथे आली तिथून मी त्यांना मिस कॉल दिला, म्हणजे गाडी कुठवर आली ते त्यांना कळावं. एकदाही त्यांनी तो उचलला नाही. तेवढी शिस्त त्यांना आहे. स्टँडवर मात्र माझ्या आधी येऊन उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

परतवाड्याला आमच्या अंगणात कुठेही उभं राहा, भरपूर रेंज. दिवाळीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी आम्ही दोघं बाजेवर बसून अंबाडी निवडत होतो. पुण्याहून फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला, त्यांनाही ऐकू यावं म्हणून. सोनूने मांजराची हकिगत सांगितली. नंदाताईंनी तिला काय म्हटलं ते सांगितलं. मग म्हणाली, “आजी, तू कधी येते?”

माझा हात देठावरच थांबला. मी काही बोलायच्या आत रंगरावांनी फोन उचलला. “हॅलो? हॅलो? सोनू, आवाज येत नाही बेटा. रेंज गेली वाटते,” म्हणाले आणि बंद केला. माझ्याकडे न बघता पुन्हा भाजी निवडायला लागले. पानं केरात आणि देठ टोपलीत टाकत होते.

मी मांडीवरची भाजी बाजूला ठेवली. मग फोन घेतला आणि पुण्याला परत लावला.

“आजी,” सोनू म्हणाली, “रेंज आली?”

“आली,” मी म्हटलं. “आता विचार.”