माहेरची बाज

मित्रांनो, जुनी बाज म्हटलं की तुम्ही नाकं मुरडणार, ठाऊक आहे मला. मुरडा खुशाल. माझा एक खूर, म्हणजे पाय, लुळा झालाय, सुंभ जागोजागी तुटलाय, आणि भिंतीला टेकून उन्हात उभी आहे मी. पण डोंबिवलीच्या काळुरामच्या घरात माझ्याइतकं कोणी पाहिलं नाही, म्हणून दोन घटका ऐकून घ्या.

काळुरामच्या लग्नात त्याच्या सासऱ्यानं मला बाभळीच्या लाकडाची करवून घेतली. माझ्यावर काथ्याचा सुंभ ओढताना सुतार हसून म्हणाला, "सुंभ जळंल, पर पीळ नाय जायचा!" तो पीळ अजून आहे माझ्यात.

काय दिवस होते ते! अंगणात भलाथोरला आंबा, मागे फणस-जांभळांची वाडी, वाडीला लागून तळं. वैशाख दिवसा कितीही भाजून काढो, दिवेलागण झाली की तळ्यावरून गार झुळूक निघायची. काळुराम मला आंब्याखाली टाकायचा, ऐसपैस पसरायचा आणि पहाटे कुडकुडत गोधडी शोधायचा. बायको सखुबाई त्याला रोज हसायची.

सखुबाईची सगळी बाळंतपणं माझ्यावरच निघाली. आमच्याकडची रीतच तशी. बाळंतीण बाजेवर, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारं-खिडक्या बंद, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. आई-बाळाला वारा बाधू नये म्हणून हा सारा खटाटोप. तेव्हा भिंती कुडाच्या होत्या, जमीन शेणानं सारवलेली, छपरावर आंब्याची सावली. शेगडी विझली की खोली आपोआप निवायची. लेकरं अशी गुटगुटीत झाली की शेजारणींनी दृष्ट काढावी. सखुबाईला वाटायचं, हे सगळं शेगडीचं पुण्य. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

मग देश स्वतंत्र झाला आणि गावात माणसं येऊ लागली. कोकणातून आली, देशावरून आली, पोटासाठी आली. त्यांना मी बोल लावणार नाही, डोक्यावर छप्पर कोणाला नको? पण काळुरामच्या डोक्यात पक्क्या घराचं वारं शिरलं. त्यानं वाडी तोडली, तळं बुजवलं, चाळ उठवली. कुडाचं घर पाडून विटांचं बांधलं, वर स्लॅब टाकला. अंगणातही सिमेंट ओतायचं ठरलं, तेव्हा मात्र सखुबाई आंब्याला पाठ लावून उभी राहिली.

"अवो, आंबा तेवढा रावं द्या."

"आनि पाला कोन झाडंल रोज? पक्क्या घराला कचरा शोभत नाय," काळुराम म्हणाला.

आंबा आडवा झाला. सखुबाई त्या दिवशी जेवली नाही. गाव मात्र काळुरामचं घर बघायला आलं आणि तोंडभरून कौतुक करून गेलं.

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा रात्र झाली तरी रात्र वाटेना. स्लॅब दिवसभर ऊन प्यायचा आणि अंधार पडला की आमच्यावर ओकायचा. भिंती तव्यासारख्या तापायच्या. चाळीतले लोक ओट्यावर विंझणे हलवत बसायचे आणि म्हणायचे, कलियुग आहे, दुसरं काय!

पुढच्या वैशाखात सखुबाईची लेक मालन पहिल्या बाळंतपणाला टिटवाळ्याहून माहेरी आली. मुलगा झाला. माझा आनंद काय सांगू! पुन्हा माझ्यावर बाळंतीण, खाली शेगडी, पुन्हा खिडक्या बंद. सखुबाईनं रीतीत तसूभर फरक केला नाही.

"आये, जीव जातो गो गरमीनं. खिडकी उघड ना," मालन विनवायची.

"गप बाय, वारा लागंल पोराला. तुमी पन सगली अशीच वाढलाव."

पाचवीची रात्र आली. त्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून दिवा तेवत ठेवायचा आणि बायकांनी जागायचं. खोली बायकांनी भरली. वर तापलेला स्लॅब, खाली शेगडी, मध्ये ते एवढंसं पोर. त्याचं अंग निखाऱ्यासारखं पोळू लागलं. सखुबाई घाबरली. "वारा लागला गो पोराला!" म्हणत तिनं आणखी एक दुपटं गुंडाळलं, शेगडीत निखारे वाढवले. अरे, उलटं करताय! मी जिवाच्या आकांतानं करकरत होते, पण बाजेची करकर कोण मनावर घेतं? रडणं बारीक होत गेलं, मग थांबलं. एक जण म्हणाली, झोपला गो शेवटी.

झोपला कसला! त्याचं बारसंसुद्धा झालं नव्हतं.

"सटवीनं लिवलंच तेवढं," असं म्हणून गाव मोकळं झालं. मालन टिटवाळ्याला निघून गेली. एका संध्याकाळी सखुबाईनं मला एकटीनं ओढत अंगणात आणलं. अंधार पडला होता, तरी सिमेंट तिच्या तळव्यांना चटके देत होतं. समोर काळुराम उभा होता.

"बाज तीच, शेगडी तीच, हात पन माजेच," ती म्हणाली. "मंग माजी पोरं जगली आनि तिचा का गेला? सांगा ना. आंबा कुठं हाय माजा?"

 

मालनला पुन्हा दिवस गेले तेव्हा काळुराम तिला आणायला टिटवाळ्याला गेला. ती त्याला पाणी देऊन म्हणाली, "बाबा, मी नाय यायची. आयेलाच इकडं धाडा. इकडं दारात झाड हाय." लेकीनं माहेर नाकारलं, मित्रांनो! परत आल्यावर काळुराम माझ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याच्या भारानं माझा खूर निखळला, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

तुम्ही उद्या मोठे व्हाल, पक्की घरं बांधाल. जरूर बांधा. पण झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी त्याखाली एक रात्र बाज टाकून झोपा आणि मग काय ते ठरवा. काळुरामनं आता पहारीनं सिमेंट फोडून आंब्याची कोय लावलीये. रोज संध्याकाळी तो पाणी घालतो. रोप अजून माझ्या मोडक्या खुराएवढंसुद्धा झालेलं नाही. आणि मालन काही अजून माहेरी आलेली नाही.