दमाचे मार्क

मास्तरांनी नोकरीच्या सबंध काळात कुणालाही दहापैकी साडेपाचाच्या वर मार्क दिले नाहीत. उत्तर बरोबर, रीत बरोबर, अक्षर वळणदार, तरी साडेपाच. पूर्ण मार्क मिळाले की मूल शिकायचं थांबतं, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी त्यांचं नावच ‘साडेपाच’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. निदान नापास तरी केलं नाही कार्ट्यांनी, असं ते एकदा बायकोला म्हणाले होते.

घरीही तोच खाक्या. भाजी कशी झालीय? पाच. नवे पडदे कसे वाटतात? साडेचार, खिडकीला आखूड आहेत. मुलाच्या लग्नाच्या दिवशी मांडवातून सगळे तृप्त होऊन बाहेर पडत होते, तेव्हा मास्तर म्हणाले, “ठीक झालं. पाच द्यायला हरकत नाही.” बायकोला सवय झाली होती. पाच म्हणजे आवडलंय, साडेपाच म्हणजे उद्याही कर, एवढं भाषांतर तिला झोपेतसुद्धा जमत असे.

मग मास्तरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या. छाती उघडून डॉक्टरांनी रक्ताला नवे रस्ते काढून दिले, छाती पुन्हा शिवली आणि घरी जाऊ दिलं. पण कुठल्या घरी, हा प्रश्न होता. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. “जिने चढायची परवानगी मी देणार नाही,” डॉक्टर म्हणाले, “ती व्यायामाच्या वर्गातल्या बाई देतील. त्या सांगतील तेव्हा.” तोवर दोघांचा मुक्काम मुलाकडे, तळमजल्यावर.

मुलाकडे कसलाच त्रास नव्हता, हाच तर त्रास होता. सून गुणाची. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात दिसल्या की म्हणायची, “आई, तुम्ही बसा बरं. आयुष्यभर केलंत.” मग त्या बसायच्या. बसून बसून त्यांचे गुडघे धरले. तिथे चमचे ज्या खणात असायला हवेत त्या खणात नव्हते, आणि ते कुठे आहेत हे विचारावं तर सून स्वतःच चमचा आणून द्यायची. बाईमाणसाला स्वतःचा चमचा स्वतः सापडू नये, याहून मोठं परकेपण नाही. स्वतःच्या घरी त्यांची डाव्या बाजूची शेगडी जरा वाकडी होती, ती पेटवायची खुबी जगात फक्त त्यांनाच ठाऊक होती. रोज सकाळी डोळे उघडले की त्यांना त्या शेगडीची आठवण यायची. मास्तरांना घरी जायचं होतं, पण सासूबाईंना त्याहून जास्त जायचं होतं. मात्र हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

व्यायामाचा वर्ग दवाखान्याच्या मागच्या बाजूला भरत असे. पूर्वी तिथे चादरी धुवायचे. यंत्रं गेली, साबणाचा वास राहिला. जागच्या जागी चालवायच्या सायकली, एक फिरता पट्टा, लाकडाच्या दोन पायऱ्यांचा कुठेच न जाणारा जिना, आणि भिंतीवर दमाचा तक्ता. तक्त्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे. शून्यापाशी हसरा चेहरा, दहापाशी जीभ बाहेर आलेला.

वर्गातल्या थेरपिस्ट बाई वयाने मास्तरांच्या धाकट्या विद्यार्थ्यांएवढ्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं नीट समजावलं. खोकला आला की उशी छातीशी गच्च धरायची, म्हणजे टाके ओढत नाहीत. श्वास नाकाने घ्यायचा आणि गरम दुधावर फुंकर घालतो तसा सावकाश सोडायचा.

“आणि सर, तुमच्या हृदयाच्या गोळ्या अशा आहेत की त्या नाडी वाढूच देत नाहीत. त्यामुळे नाडी मोजून मला तुमचा अंदाज येणार नाही. तुम्हीच सांगायचं, किती दम लागला. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त लागूच शकत नाही. तुम्ही सांगाल त्यावर मी सायकलचा जोर, म्हणजे पायडल किती जड ठेवायचं ते, ठरवणार.”

“म्हणजे मार्क मी द्यायचे,” मास्तर म्हणाले. आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

ते सायकलवर बसले, पायडल मारू लागले. थोड्या वेळाने कपाळ घामाने भिजलं, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या.

“सर, किती?”

“तीन.”

बाईंनी जोर वाढवला.

शेजारच्या सायकलवर एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर होता. आयुष्यभराच्या विड्यांनी त्याची फुप्फुसं जाळली होती. चाकांच्या छोट्या गाडीवर ऑक्सिजनची टाकी ठेवून तो ती बरोबर ओढत आणायचा आणि वळताना तोंडाने हॉर्न द्यायचा. तो मास्तरांकडे बघून म्हणाला, “मास्तर, तीनला इंजिनातून वाफ निघतेय. सातला काय, गाडी थेट भंगारात?”

“तुम्ही… समोर… बघून चालवा,” मास्तर म्हणाले.

भिंतीलगतच्या खुर्चीत मास्तरांची बायको मांडीवर उशी घेऊन बसली होती. तिने ते ‘तीन’ ऐकलं आणि मनातल्या मनात भाषांतर केलं. मग बाईंनी वाढवलेला जोर पाहिला. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण बाई आनंदाने सांगत होत्या, “काकू, सरांची प्रगती छान आहे हं. असंच चाललं तर लवकरच जिन्याची परीक्षा घेऊ.”

लवकरच. तिला शेगडी दिसली.

त्या दिवशी ती गप्प राहिली. पुढच्या खेपेलाही. मास्तर ‘साडेतीन’ म्हणाले, जोर वाढला, ती उशीचा अभ्रा नीट करत राहिली. त्याच्या पुढच्या खेपेला सायकलवरून उतरताना मास्तरांनी हवेतच काहीतरी धरायला हात केला. तिथे धरायला काही नव्हतं. ड्रायव्हरने टाकीची नळी ताणत जाऊन त्यांना खांद्याने अडवलं. मास्तरांचे ओठ जांभळे पडले होते.

“सर! किती?”

“चार,” मास्तर म्हणाले.

बायको उठली. “आठ,” ती म्हणाली.

“काय आठ, काकू?”

“यांचे चार म्हणजे आठ धर, पोरी. हे हात राखून मार्क देतात. साडेपाचाच्या वर आजवर कुणी गेलेलं नाही. त्यांचा दमसुद्धा जायचा नाही.”

बाई मास्तरांकडे वळल्या. “सर, खरं?”

मास्तरांनी आधी श्वास गोळा केला, मग बाजू मांडली. “दहा म्हणजे काय? ज्याच्या पुढे काही नाही. मी जिवंत आहे, तुम्हाला उत्तर देतोय. म्हणजे दहापासून पुष्कळ लांब आहे. सहा-सात द्यायला त्या दमात काहीतरी विशेष पाहिजे. हा साधारण दम होता. साधारण कामाला चारच मिळतात.”

“घ्या,” ड्रायव्हर म्हणाला, “मरायलासुद्धा यांच्याकडे पहिला नंबर लागतो.”

बाईंनी सायकलचा जोर पार खाली आणला. जिन्याची परीक्षा पुढे गेली, आणि कधी होईल ते सांगितलं नाही. परत जाताना रिक्षात मास्तरांनी उशी स्वतःच्या मांडीवर घेतली.

“चारचौघांत माझी फेरतपासणी केलीस,” ते म्हणाले. “घरी जायचं नाही का तुला?”

“जायचंय,” ती म्हणाली. “पण तुम्हाला घेऊन.”



त्यानंतर वर्गात नवाच हिशेब सुरू झाला. मास्तर आकडा सांगायचे आणि बाई तो दुप्पट करायच्या. आपल्या मार्कांवर कुणी दुसरं माणूस गुणाकार करतंय, ही गोष्ट मास्तरांच्या जिव्हारी लागली. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याचा अभ्यास केला, एकेका चेहऱ्यापाशी उभं राहून स्वतःचा चेहरा ताडून पाहिला, आणि पुढेपुढे ते खरे मार्क देऊ लागले. अर्थात हे त्यांनी जाहीर केलं नाही. त्यामुळे एके दिवशी त्यांनी प्रामाणिकपणे दिलेल्या चाराचे बाईंनी आठ केले आणि सायकल थांबवली.

“अहो बाई, चार म्हणजे चारच. का थांबवलीत?”

“तुमचं चार मला माहीत आहे, सर.”

“अगं, तू सांग की यांना,” मास्तर बायकोला म्हणाले. एकदा साक्षीदार झालं की सुटका नसते.

बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “आजचे चार खरे आहेत,” ती म्हणाली. “बघ ना, एका दमात भांडले. आठ असते तर दोन शब्दांवर अडकले असते.”

बाई हसल्या. “काकू, हे आमच्या पुस्तकातही आहे. पूर्ण वाक्य बोलता आलं तर व्यायाम झेपतोय.”

तेव्हापासून मास्तरांना सायकलवर बोलत राहायचं बंधन आलं. त्यांनी ते आनंदाने पाळलं. ऑक्सिजनच्या टाकीवरच्या काट्याकडे बोट दाखवून ते ड्रायव्हरला अपूर्णांक शिकवू लागले. टाकी पाऊण भरलेली, त्यातली एक तृतीयांश वापरली, तर उरली किती? ड्रायव्हर म्हणायचा, “मास्तर, मला श्वास घेऊ द्या, मग उत्तर देतो.” मास्तर म्हणायचे, “घ्या, पण नाकाने घ्या.” ड्रायव्हरला पहिलं बरोबर उत्तर आलं त्या दिवशी त्याला पाच मिळाले. ते त्याने सगळ्या वर्गाला सांगितलं.

असं करत करत जिन्याचा दिवस उगवला. बाई शेवटची परीक्षा ज्याच्या त्याच्या जिन्यावरच घेत. दवाखान्याचे जिने मापात असतात, घरचे जिने बांधणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे, असं त्या म्हणत. मास्तरांच्या जिन्याने त्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं. मास्तर पुढे, त्यांच्या बाजूला बाई, आणि मागून घराच्या किल्ल्या आणि पिशवी घेऊन बायको.

“ही पायरी बघा,” मास्तर चढता चढता सांगत होते, “बाकीच्यांपेक्षा उंच आहे. मी राहायला आलो त्याच दिवशी तक्रार केली होती. आणि कठडा इथे संपतो, जिथे त्याची खरी गरज सुरू होते.” वळणावर ते थांबले, फुंकर घालत श्वास सोडला, पुन्हा चढले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी भिंतीच्या रंगाला साडेतीन दिले. तिसऱ्यावर पोचले तेव्हा त्यांचं वाक्य अजून चालूच होतं.

“सर, किती?”

“चार. गुणाकार न करता.”

बाईंनी त्यांच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहिला, रक्तदाब मोजला. “पास,” त्या म्हणाल्या. “आजपासून इथे राहायला हरकत नाही.”

“ऐकलंस?” मास्तर मागे वळून म्हणाले.

उत्तर आलं नाही. बायको शेवटच्या वळणाशी उभी होती. एक हात कठड्यावर, आणि दुसऱ्या हाताने ती पिशवीत किल्ल्या शोधत होती. पिशवीत शोधणाऱ्या त्या हातातच किल्ल्या होत्या. मास्तरांनी ते पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या मजल्यापासून ही एक शब्द बोललेली नाही. दर मजल्यावर कुणाचं तरी दार वाजवून विचारपूस केल्याशिवाय पुढे न सरकणारी बाई, आणि कित्येक महिन्यांनी परत येऊन गप्प.

“किती?” त्यांनी विचारलं.

“कुठे… काय,” ती म्हणाली. “शून्य.”

दार चार पावलांवर होतं. ते पास झाले होते. किल्ली फिरवायची, आत जायचं, तिने वाकडी शेगडी पेटवायची, झालं. बाई आपलं यंत्र पिशवीत भरत होत्या. दोन मिनिटांत त्या खाली उतरल्या असत्या. बायकोने मास्तरांकडे पाहिलं आणि बारीक मान हलवली. नको, असं.

मास्तरांनी तिच्या हातातून किल्ल्या घेतल्या, दार उघडलं, स्टूल आणून तिला जिन्यातच बसवलं.

“बाई,” ते म्हणाले, “तो चिमटा हिच्या बोटाला लावा. हिचं शून्य म्हणजे सात.”

“अहो…”

“एक वाक्य पूर्ण बोलून दाखव, मी गप्प बसतो.”

ती बोलून दाखवू शकली नाही. बाईंनी चिमटा लावला, आकडा पाहिला, नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“काकू, हे कधीपासून?”

“जिन्याचा दम सगळ्यांनाच लागतो गं.”

“कधीपासून?”

काकूंनी मास्तरांकडे न बघता सांगितलं. “यांच्या आधीपासून.”

त्यांचा दम ओसरेपर्यंत तिघं तिथेच थांबली. आता इथे राहणं नाही, उद्या आधी डॉक्टर, असं बाईंनी सांगितलं. काकू उघड्या दारातून आत बघत होत्या. “एक कप चहा तरी होऊ दे घरचा,” त्या म्हणाल्या. मग त्यांना आत खुर्चीत बसवलं आणि मास्तर चहा करायला गेले. डावी शेगडी पेटेना. काकूंनी खुर्चीतून खुबी सांगितली, ती आता जगात दोघांना ठाऊक झाली.

“कसा झालाय?” मास्तरांनी विचारलं.

“दहा,” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी घोट घेतला. साखर राहिली होती. ही बाई उभ्या जन्मात कशालाही दहाच्या खाली आली नव्हती आणि स्वतःच्या दुखण्याला शून्याच्या वर गेली नव्हती. आपल्याला एवढी वर्षं परीक्षक म्हणवून घेता आलं कसं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तो चहा संपवला.

डॉक्टरांनी तपासलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. आत्ता चिरफाड नको, गोळ्या आणि व्यायाम, आणि तूर्त जिने नकोत. सुनेने पुन्हा दोघांच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. या वेळी मात्र सासूबाईंनी पहिल्या सकाळीच चमच्यांचा खण विचारून घेतला.

वर्गात आता मास्तरांच्या एका बाजूला ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला काकू असतात. उशी रिकाम्या खुर्चीवर असते.

“काकू, किती?” बाईंनी परवा विचारलं.

“काही नाही गं. शून्य.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. ते ड्रायव्हरला छेद समान करून दाखवत होते. त्यांनी मान वळवून बायकोचा चेहरा बघितला, श्वास ऐकला आणि म्हणाले, “सहा.”

ड्रायव्हरने पायडल मारायचं थांबवलं. मास्तरांनी कुणाला सहा दिलेले त्याने कधी ऐकलं नव्हतं.

काकूंनी फुंकर घालत श्वास सोडला. “सहा नाही,” त्या म्हणाल्या. “साडेपाच.”