न दिलेला नंबर

धाराशिवात जॅझ आणलं ते दीक्षाताईंनी, हे बाजारपेठेत कुणीही सांगेल. वडील पिराजी भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसता बसता दीक्षा तालाला पक्की झाली. पुढं पुण्यात शिकायला गेली, तिथं एका हॉटेलात कुणी परदेशी बाई जॅझ गाताना ऐकली. शब्द कळले नाहीत, गाऱ्हाणं मात्र लगेच कळलं. मग ती स्वतःच मराठीत गाणी लिहू लागली. एसटी स्टँडवरच्या बायांची, तेरणा नदीच्या कोरड्या पात्राची. छोट्या हॉलमधून गायली, पेपरात फोटोही आले. मोठ्या मंचाचं बोलावणं तेवढं कधी आलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तशी ती परत आली आणि शाळेत संगीत शिकवू लागली.

शनिवारची बैठक तिनं सुरू केली शांतलिंगच्या दुकानात. शांतलिंगचा वरातीचा बँड होता. लग्नसराई सरली की ट्रम्पेट, ड्रम नुसते भिंतीला लटकून राहायचे. दीक्षानं ते खाली उतरवले. क्लॅरिनेट शांतलिंग स्वतः वाजवायचा. हळूहळू कॉलेजची पोरं आली, कोर्टातले कारकून आले, जिन्याखाली चपलांना जागा उरेना.

माकणी गावची चैताली तिथंच आली, एसटीनं. पहिले काही शनिवार कोपऱ्यात बसून ऐकत राहिली. एकदा दीक्षानं आग्रह केला म्हणून दीक्षाचंच गाणं गायली, आणि मधल्या ओळीत सूर अशा जागी वळवला की ती जागा आपल्या गाण्यात आहे हे दीक्षालाही माहीत नव्हतं. शांतलिंगनं क्लॅरिनेट तोंडापासून काढलं ते परत लावायचं विसरला. सगळ्यांत आधी टाळ्या दीक्षानं वाजवल्या. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर उमाशंकरचा फोन आला. हा मूळचा आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा, पुण्यात संगीताचे मोठे कार्यक्रम करायचा. त्यानं बैठकीचा कुणीतरी टाकलेला व्हिडिओ पाहिला होता.

"ताई, ती मुलगी कोण हो? कमाल गाते. तिचा नंबर द्या ना."

"तिचं लग्न ठरतंय," दीक्षा म्हणाली. "घरचे बाहेर पाठवणार नाहीत."

हे वाक्य कुठून आलं, तिला कळलं नाही. ठरवून बोललीच नव्हती. पण बोलून झाल्यावर ती थांबली, उमाशंकर आता 'मग तुम्हीच या' म्हणेल म्हणून. तो म्हणाला, "अरेरे. असू द्या मग," आणि फोन ठेवला.

त्यानंतर दीक्षा चैतालीशी फारच गोड वागू लागली. तिला जेवल्याशिवाय सोडेना, स्कूटीवरून स्टँडपर्यंत पोचवू लागली, आपली चांगली साडी तिला देऊन टाकली. "ताई, तुमी माझ्यासाठी लई करता," असं चैताली म्हणाली की दीक्षा दुसरीकडं बघायची.

एका शनिवारी चैताली लोक जमायच्या आधीच आली.

"ताई, पाव्हणे बघून गेले. म्या हो म्हणलं."

"हो म्हणालीस? का गं?"

"गाण्याचं कुठं काय झालं? कुणी इचारलं असतं तर तुमी सांगितलंच असतं की."

शांतलिंग क्लॅरिनेट पुसत होता. त्याच्यादेखत दीक्षानं सांगितलं. उमाशंकरचा फोन, त्यानं मागितलेला नंबर, आपण दिलेलं उत्तर.

"म्हंजी... इचारलं व्हतं?" चैतालीचा चेहरा एकदम उजळला. पुण्यातून आपल्याला विचारलं होतं, एवढंच तिला आधी ऐकू आलं. दीक्षा तिच्या रडण्याची तयारी करून बसली होती. हा आनंद तिला बघवेना.

मग तो चेहरा उतरला.

"तवा तर कुणी बघायलाबी आलं नव्हतं. तुमी असं का सांगितलं, ताई?"

तुझ्या घरच्यांची काळजी वाटली, पुण्यात तुला कोण सांभाळणार, असं बरंच काही दीक्षानं मनात जुळवलं होतं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना.

"तू माझ्यापेक्षा चांगलं गातेस म्हणून."

चैतालीनं पिशवीतून मोबाईल काढला. "त्यांचा नंबर द्या," म्हणाली. तो घेतला आणि एकटीच स्टँडकडं चालत गेली.

शांतलिंगनं क्लॅरिनेट पेटीत ठेवून झाकण लावलं. "ताई, माझ्या दुकानाला ही कळा आली ती तुमच्यामुळं. म्हणून जास्त बोलत न्हाय. पण आज वाजवायला जीव होईना."

त्या दिवशी आलेली माणसं माघारी गेली. दीक्षानं उमाशंकरला फोन करून आपण खोटं बोललो ते सांगितलं. तो तुटकपणे "बघतो" म्हणाला.

चार दिवसांनी चैतालीच्या आईचा, सुमनबाईंचा फोन आला. "बाई, पोरगी पाव्हण्यांना न्हाय म्हणतीया. गाणंच करणार म्हणती. तुमी समजावा की. तुमच्या शब्दाभाईर न्हाय ती."

"तिनं तुम्हाला काही सांगितलं नाही का?"

"काय सांगायचं? ताईनं लई शिकीवलं, एवढंच म्हणती."

मुलगी चिडून गेली होती, तरी घरी तिनं दीक्षाची अब्रू राखली होती. नुसतं 'समजावते' म्हटलं असतं तर सगळं झाकून गेलं असतं.

"सुमनबाई," ती म्हणाली, "तिला समजावायचं तोंड मला राहिलं नाही. का ते ऐका." आणि आईलाही सगळं सांगितलं. पलीकडून गोठ्यातल्या म्हशीची घंटा ऐकू येत होती. मग सुमनबाई म्हणाल्या, "पोटच्या पोरीवानी हाय म्हणत व्हता तुमी," आणि फोन बंद झाला.

चैताली परत बैठकीला आली नाही. दिवाळीनंतर ती पुण्यात गायली. उमाशंकरनं व्हिडिओ पाठवला. दीक्षाला तो एकटीनं उघडायचा धीर होईना, म्हणून ती शनिवारी बैठकीआधीच दुकानात गेली आणि शांतलिंगशेजारी बसून तिनं पाहिला. चैताली माईकसमोर उभी होती, गाण्याआधी म्हणाली, "हे गाणं धाराशिवच्या दीक्षा सरवदे यांनी लिहिलं आहे." ताई म्हणाली नाही. मग गायली, त्या मधल्या ओळीत तर आणखीच पुढं गेली.

"पोरीनं नाव घेतलं की," शांतलिंग म्हणाला.

"घेतलं," दीक्षा म्हणाली. जिन्यावर माणसांचे पाय वाजू लागले होते. तिनं उठून सतरंजी पसरली.