दुसरी कुबडी

मित्रांनो, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या या चर्चच्या सभागृहात सकाळ फार सावकाश उजाडते. आधी खिडकीच्या काठावरचा बर्फ निळसर होतो. मग दुधाळ उजेड आत उतरतो, घडीच्या खुर्च्यांवरून सरकतो, कॉफीच्या मोठ्या भांड्यावर क्षणभर रेंगाळतो आणि शेवटी माझ्या काचेच्या पेटीशी येऊन थांबतो. तेव्हा माझ्या लाकडातले सांधे दिसू लागतात. मी चीनमधल्या एका मिशन रुग्णालयाची कुबडी आहे.

तिथे आम्ही दोघी होतो. उंच रुग्ण आला की सुतार आम्हांला तुकडा जोडी, ठेंगणा आला की कापी. बरा झालेला माणूस जाताना आम्हा दोघींना फाटकाच्या खिळ्यावर टांगे. ते टांगले जाणे मला फार आवडे.

शेवटी आम्ही लानह्वा नावाच्या मुलीकडे होतो. युद्ध जवळ आले. रुग्णालयातले कॅनडाचे डॉक्टर मायदेशी निघाले आणि नेमका त्याच सकाळी पायरीवर त्यांचा पाय मुरगळला. बोट थांबणार नव्हती. लानह्वाने मला त्यांच्या हाती दिले. म्हणाली, "न्या. मला एक पुरेल."

इथे सगळे म्हणतात, बऱ्या झालेल्या मुलीची ही भेट. मीही तेच मानत आले. मात्र तिने आम्हांला खिळ्यावर का टांगले नाही, हे कोडे मला सुटत नसे.

काल शेरिल काच पुसायला आली. ती मूळची वसईची, इथे नर्स आहे. रविवारच्या वर्गाला माझी गोष्ट सांगते. सोबत तिची युनिस होती, पाय प्लास्टरमध्ये, काखेत दोन नव्या कुबड्या.

"मम्मी, व्हेअर इज द अदर वन?"

"बरी झाली ना ती, बाय. दुसरी कशाला लागते?"

"देन व्हाय डिडन्ट शी गिव्ह बोथ?"

"डोकं नको खाऊ. एकीवर चालून दाखव, मग विचार."

युनिसने एक कुबडी भिंतीला टेकवली, पाऊल टाकले आणि कोलमडली. शेरिलने तिला धावत सावरले. मग फडका हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"रविवारी काय सांगू गं मी आता?"

मित्रांनो, जपलेल्या वस्तूला नुसते पुसू नका. ती देणाऱ्याच्या हाती मग काय उरले, तेही विचारा.

लानह्वा बरी झालेली नव्हती.