पुलावरचा राक्षस

लेस्याने बटण दाबलं आणि पडद्यावरच्या कोल्हीणबाईने जी तलवार फिरवली ती थेट झुडपावर. राक्षस बाजूला उभा राहून पोट खाजवत होता.

"अगं, तो इकडे आहे! इकडे बघ!" लेस्या ओरडली. घरात ऐकायला कोणी नव्हतं. आई चर्चच्या तळघरात पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला गेली होती. ईस्टर जवळ आला की गावातल्या उरल्यासुरल्या बायका शनिवारी तिथेच असतात, आणि पिठाबरोबर बाकीही बरंच काही मळतात.

खेळ गोड होता, यात वाद नव्हता. शेवाळवाडी नावाचं एक चिमुकलं गाव, प्रत्येक धुराड्यातून वेगळ्या रंगाचा धूर, पावाची भट्टी चालवणारी साळिंदर, पत्ते विसरणारा बेडूक पोस्टमन. दारात गेलं की प्रत्येकाचं रोज काहीतरी नवं बोलणं. लढाई मात्र अशी भिकार, की ज्याने ती बनवली त्याने स्वतः कधी खेळून पाहिली नसावी. एक वार करायचा तर आधी तीन याद्यांतून तलवार शोधायची, मग वर्तुळ आक्रसत ठिपक्यावर आलं की नेमकं बटण दाबायचं, आणि एवढं करून कोल्हीण राक्षसाला पाठ दाखवायची. लेस्या दूर कॅलगरी शहरात एका कंपनीत खेळांमधले दोष शोधायचं काम करायची आणि दोन दिवसांसाठी आईकडे आली होती. असली लढाई तिच्यासमोर आली असती, तर तिने बनवणाऱ्यांची खरडपट्टी काढली असती.

हे यंत्र आणि हा खेळ तिनेच शरद ऋतूत आईला आणून दिला होता. सोफीला, म्हणजे तिच्या आईला, असल्या गोष्टींचं वेड लागेल असं तिला वाटलं नव्हतं. पण हिवाळाभर फोनवर दुसरा विषय नव्हता. पोस्टमनला सर्दी झालीय. साळिंदरीने आज खसखशीचे पाव केले होते. पुढे कुठवर गेलीस, असं विचारलं की मात्र आईचं एकच उत्तर असे.

"पुलावर तो राक्षस बसलाय ना! माझी बोटं कुठे चालतात गं तेवढी."

त्या बोटांचं लेस्याला वाईट वाटायचं. संधिवाताने सांधे सुजलेले, आणि वर ही दळभद्री लढाई. म्हणून आज तिने ठरवलं होतं, आई घरी यायच्या आत पूल मोकळा करून ठेवायचा.

तिने पुन्हा नेम धरला. वर्तुळ ठिपक्यावर आलं, तलवार या वेळी राक्षसाला लागली आणि त्याचं अर्धं बळ गेलं. आणखी एक वार, आणि तो धप्पकन नदीत. लेस्याला हसू आलं. हिवाळाभर आईला जे जमलं नाही, ते दोन वारांत! तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुलापाशी गावकरी जमले. प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं, पण लेस्याने कामावरच्या सवयीने सगळी बोलणी भराभर पुढे ढकलली. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात छोटा कंदील पेटला. खेळ जपून ठेवला गेला, अशी ती खूण. या खेळात कंदील एकच असतो. नवा पेटला की जुना विझतो.

दारात बूट आपटल्याचा आवाज आला. सोफी आत आली, कोटाच्या बाहीला पीठ, हातात पेरोगीचा डबा.

"डोरीनने बटाट्यात मीठच घातलं नाही. सगळ्यांना चाखायला लावलं तिने, तेव्हा कुठे पटलं तिला. तू काय करतेयस?"

"डोळे मीट, आई. ये, बस. आता उघड!"

सोफीने डोळे उघडले. पडद्यावर पूल होता आणि त्यावर कोणी नव्हतं.

"मारला त्याला," लेस्या म्हणाली. "दोन वारांत. आता पुढे जा खुशाल. पलीकडे मोठं शहर आहे, बाजार आहे, जहाजं आहेत."

 सोफीने कोट न काढताच लेस्याच्या हातातून रिमोट घेतला आणि कोल्हिणीला मागे वळवलं. ती भट्टीपाशी गेली. दाराला फळी ठोकलेली होती. मग ती पोस्टमनच्या घरी गेली. तिथे दार उघडंच होतं आणि आत काही नव्हतं. एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता. सोफी एकेका दारापाशी थांबून बटण दाबत होती, आणि तिची बोटं अजिबात अडखळत नव्हती. लेस्याच्या ते आत्ता लक्षात आलं.

"कुठे गेले सगळे?" लेस्याने विचारलं.

"पूल उघडला ना," सोफी म्हणाली. "गेले."

"मग पलीकडे भेटतील की."

"नाही भेटत." सोफीने रिमोट हळूच टेबलावर ठेवला. "छान केलंस हो. माझ्याच्याने कधी झालं असतं?"

ती कोट काढायला गेली. लेस्याने घाईघाईने याद्या धुंडाळल्या. जुना कंदील कुठे लपून राहिलाय का, मागे जायची एखादी वाट आहे का. काही नव्हतं. इतरांच्या खेळातले बारीकसारीक दोष शोधायचा पगार घेणाऱ्या बाईने आईच्या खेळातलं एक वाक्यही वाचलं नव्हतं. तिचे कान तापले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. सोफीने पातेल्यात पाणी सोडता सोडता तो खांद्याशी धरला.

"बोल, डोरीन. पोचले गं. नाही, मीठ मी नंतर घातलं... शेवाळवाडी? अगं, संपली ती. आज मारला त्याला."

पलीकडून डोरीनचा आवाज चढला तो लेस्यालाही ऐकू आला.

"कोणी म्हणजे? मीच," सोफी म्हणाली. "सकाळी, निघायच्या आधी. कंटाळा आला होता. किती दिवस तेच तेच करायचं माणसाने? हे घे, लेस्या आलीय, तिच्याशी बोल."

लेस्याने फोन घेतला. डोरीन शेजारच्या रस्त्यावर राहायची आणि तोच खेळ खेळायची. दोघींचं त्यावरून रोज भांडण व्हायचं.

"तुझ्या आईला झालंय तरी काय?" डोरीन म्हणाली. "अगं, नोव्हेंबरातच मारला होता तिने त्या मेल्याला! मी तिथेच बसले होते. ती साळिंदर गाठोडं बांधायला लागली तशी सोफी उठली आणि भिंतीतून वायरच उपटली. कंदील पेटायच्या आत! मी म्हटलं, बाई, यंत्र जळेल. तर म्हणाली, जळू दे."

लेस्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तेव्हापासून पुलाकडे फिरकली नाही. नुसती झुडपं तोडून तोडून ताकद वाढवत बसली. मी चिडवायचे, की पुढे जा ना गं भित्रे. तर म्हणायची, गाव रिकामं होताना बघायला खेळ कशाला हवा, खिडकी आहे की. आणि आज म्हणते कंटाळा आला! तुला काही बोलली का गं?"

सोफी पाठमोरी उभी होती. ती उकळत्या पाण्यात एकेक पेरोगी सोडत होती, पाणी उडू नये म्हणून अगदी खालून. तिला सगळं ऐकू येत होतं. लेस्याला लाज वाटली, खेळाची नव्हे, तर आईने इतक्या सहज तिच्यावर घातलेल्या पांघरुणाची. आत्ता खरं सांगून टाकावं, एवढं एकच वाक्य तर आहे, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "मला काही बोलली नाही."

"म्हातारपण, दुसरं काय," डोरीन म्हणाली आणि मिठाबद्दल बोलायला लागली.

लेस्याने फोन जागेवर ठेवला. सोफीने झाऱ्याने पहिली पेरोगी काढली, बशीत ठेवली, वर परतलेला कांदा घातला आणि बशी तिच्यासमोर सरकवली.

"मीठ बघ बरं," ती म्हणाली. "आणि उद्या किती वाजता निघतेस?"