पत्र्यावरचा बांबू

"साहेब, तुम्ही मिशांना बूटपॉलिश लावता का हो?"

प्रश्न विजयमालाच्या तोंडून सुटला मात्र, नळावरच्या तिच्या मैत्रिणी हंडे तिथंच टाकून भिंतीआड पळाल्या. पैज त्यांतल्याच लंकाने लावली होती. "तो फीत घेऊन उभा हाय ना, त्याला इचारून दाव, तर तू खरी!" शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून विजूला वाटत होतं, आपण जगात कुणालाही काहीही विचारू शकतो. आणि असं एकदा वाटायला लागलं की विचारल्याशिवाय करमत थोडंच!

तो माणूस रागावला नाही. हसलाही नाही. फीत गुंडाळत म्हणाला, "कुणाची गं तू?"

"रेडिओवाल्या रंगनाथची!" विजूने ठसक्यात सांगितलं.

"बरं झालं. त्यांचंच घर शोधतोय. पालिकेचा ओव्हरसियर आहे मी. हे एवढं गटार मोजतो आणि येतोच."

रिकामा हंडा तसाच कडेवर मारून ती घराकडे जी पळत सुटली, ती उंबऱ्यात ठेच लागल्यावरच थांबली.

गेला महिनाभर त्यांच्या घरात सगळे याच माणसाची वाट बघत होते. तिचे वडील, आबा, पूर्वी थिएटरात वायरमन होते. शिडीवरून पडले, पाय आखूड झाला, नोकरी गेली. मग घरातच रेडिओ दुरुस्त करायला बसले. हात असा, की केडगावहून लोक सायकलवर रेडिओ बांधून आणत. पण अरुंद गल्लीत स्टेशनं धड लागत नसत, म्हणून जुन्या सोबत्यांनी येऊन पत्र्यावर उंच बांबू उभा करून दिला होता. त्यावरून एरियलची तार खाली खोलीत यायची. शेजारच्या आक्काबाईंनी त्या बांबूची तक्रार केली, आणि पालिकेची नोटीस आली. राहत्या घरात धंदा आणि पत्र्यावर खांब, दोन्हींना परवाना घ्या, नाहीतर दोन्ही बंद करा. आबांनी अर्ज केला. आता साहेब बघून काय लिहितात, त्यावर चूल पेटायची होती.

आणि त्या साहेबाला विजूने बूटपॉलिश विचारलं होतं!

"आई, आले! साहेब आले!"

तिची आई, केशरबाई, तयारच होती. साहेब घरी येणार म्हटल्यावर तिने काल दिवसभर घर आवरलं होतं, पाहुणे येणार असल्यासारखं. रेडिओ, त्यांची उघडी खोकी, तारांची भेंडोळी सगळं कोपऱ्यात रचून त्यावर गोधड्या घातल्या होत्या. खाटेवर नवी चादर. आणि संध्याकाळी थिएटरातला एक सोबती आला होता, त्याला सांगून तिने बांबूही उतरवून घेतला होता. "साहेबाच्या डोळ्यांत कशाला खुपायला पायजे? येऊन जाऊ द्या, मग परत लावू." आबा नको म्हणाले होते, पण अगदीच हळू. पडल्यापासून ते सगळंच हळू बोलायचे.

साहेब आले. खाटेवर बसले. पोहे खाल्ले. विजू आईच्या पाठीमागे पदराच्या आडोशाला उभी राहिली. पंधरा वर्षांची घोडी, पण त्या घटकेला तिला पदराएवढं झाकण हवं होतं.

"हां, रंगनाथराव. दुरुस्ती कुठं करता?"

"हितंच, साहेब."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "इथं तर काहीच दिसत नाही. आणि खांब?"

"उतरवला, साहेब. तक्रार हुती म्हनून."

"अहो, अर्ज तुम्ही खांबाचा केलाय! उंची किती, चहूबाजूंचे तारांचे ताण कसे, शेजारच्या घरापासून लांब किती, हे बघायला आलोय मी. नसलेल्या वस्तूला परवानगी कशी देऊ? 'जागेवर आढळले नाही' असं लिहिलं की अर्ज संपला."

आबा मान खाली घालून चादरीची कड चाचपू लागले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. विजूला वाटलं, हे सगळं आपल्या त्या एका प्रश्नामुळं. आता तोंड उघडलं तरी वाटोळं, मिटून ठेवलं तरी वाटोळं. मग उघडलेलंच बरं.

ती पुढं झाली आणि तिने गोधड्या ओढल्या. धडाधड सगळा संसार उघडा पडला. नऊ रेडिओ, एकाची कवळी काढून ठेवावी तशी पुढची जाळी बाजूला.

"ही बघा दुरुस्ती! आईनं झाकून ठेवलीय. तुमी पाव्हणे म्हणून!"

साहेबांचं पेन थांबलं. "बूटपॉलिशवाली तूच ना?"

"कसलं पॉलिश?" आईने विचारलं. विजूच्या कानशिलापर्यंत लाली चढली.

"काही नाही," साहेब उठत म्हणाले. "मला पुढच्या आळीत एक भिंत बघायचीय. मी परत येईपर्यंत खांब उभा दिसला, तर बघतो. नाहीतर माझाही इलाज नाही."

दुपारची वेळ. गल्लीतले सगळे पुरुष कामावर गेलेले. आबा शिडीकडे निघाले. पहिल्या पायरीवर चांगला पाय ठेवला, आखूड उचलला, आणि तिथंच उभे राहिले. कपाळावर घाम आला होता.

"अहो, नको!" आई ओरडली.

विजूने परकर कासोट्यासारखा खोचला आणि आबांच्या हातातून शिडी घेऊन ती वर चढली.

"खिळ्यांच्या रांगेवरच पाय ठेव, विजे," आबा खालून सांगू लागले. "खिळं हायेत तिथं खाली वासा हाय. मधी पाय दिलास तर पत्रा वाकंल." पत्रा तापलेला होता. तळवे भाजत होते. खालून आईने बांबू वर सरकवला.

आवाज ऐकून आक्काबाई बाहेर आल्या. "अगं बया! पोरीची जात, पत्र्यावर! केशरबाई, रविवारी पारनेरची मानसं बघाया येनार न्हवं हिला?"

"आक्का, बांबू तुमच्या पत्र्यावर येतोय, ती ताणाची तार धरा आधी!" विजू वरून ओरडली.

आक्काबाईंनी दोन्ही हातांनी तार धरली. न धरून करतात काय!

"आता उगवतीचा ताण आवळ," आबा म्हणाले. "लई नको. बोटानं छेडलास तर वाजला पायजे, इतकाच." त्यांचा आवाज मोठा झाला होता. विजूने तार पिळली, छेडली. वाजली. बांबू पत्र्यावरच्या लोखंडी कड्यात डुलला आणि सरळ झाला.

साहेब आले तेव्हा ती वरच होती. त्यांनी उंची मोजली, ताण ओढून पाहिले. आक्काबाईंना विचारलं, "पडेल असं वाटतं का?"

"आता काय पडतोय," त्या कुरकुरल्या. "मीच धरला की."

साहेबांनी लिहिलं. मग विचारलं, "याची देखभाल कोण करणार? पावसाळ्यापूर्वी वर चढून ताण बघावे लागतील. तसं नाव द्यावं लागतं."

आबांनी शिडीकडे बघितलं.

"मी!" विजू पत्र्यावरून म्हणाली.

"आणि लग्न होऊन गेल्यावर?"

आईने आबांकडे पाहिलं. साहेबांनी ती ओळ मोकळी सोडली. "घरात ठरवा. सोमवारी नाव घेऊन कचेरीत या, मग सही होईल." ते गेले.

संध्याकाळी आबांनी एरियल जोडलं. रेडिओ खरखरला, मग पुणं स्वच्छ लागलं. नेहमी ते लगेच दुसरा रेडिओ ओढून घ्यायचे. आज आपला आखूड पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी खाटेवर ठेवला आणि नुसते ऐकत बसले. आई भाकरी थापता थापता थांबली होती.

विजू पोळलेल्या तळव्यांना तेल लावत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"आबा, सोमवारी माझं नाव सांगा. आणि आई, पारनेरच्या लोकांना निरोप धाड, रविवारी येऊ नका म्हणून. मी आधी मॅट्रिक होणार, आबांच्या हाताखाली रेडिओ शिकणार. तोवर मी कुठं जात नाही."